पाळण्यांतील पंडित

'मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळलेली आहे कीं, ती खरी कीं खोटी हें पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. एखादा मुलगा मोठेपणीं नांवारूपास आला, म्हणजे त्याच्या आत्याबाईंना त्याचें बारशापासूनचें तेज आठवूं लागतें. आणि तो वाया गेला, तर त्याच आत्याबाईंना त्याचा बारशापासूनचा हट्टीपणा आठवतो. म्हण दोन्ही वेळां खरी ठरते. आणि जी म्हण कोणत्याहि प्रसंगीं खोटी ठरूं शकत नाहीं, तिच्यापासून आपणांस कांहीं ज्ञान होतें असें म्हणतां येत नाहीं. पाळण्यांतील पायांकडे भविष्य सांगण्यासाठीं न पाहतां, ते पाय आतां, या क्षणीं, काय करीत आहेत हें समजून घेण्यासाठीं पाहावें, असें ज्या संशोधकांस वाटलें, त्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मानसशास्त्राच्या प्राध्यापिका अॅलिसन गॉपनिक यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. त्यांच्या तीन ग्रंथांचा परामर्श घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. हे ग्रंथ आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज ना उद्यां येतील. आणि ज्या घरीं ते येणार नाहींत, तेथेंहि त्यांतील मतें कोणत्या ना कोणत्या वेषानें येऊन पोंचलींच आहेत. तेव्हां त्यांत ग्राह्य काय व अग्राह्य काय, हें एकदां पाहून ठेवणें बरें.

पहिला ग्रंथ 'द सायंटिस्ट इन द क्रिब', म्हणजे पाळण्यांतील शास्त्रज्ञ, हा १९९९ सालचा. सिअॅटल येथील अँड्र्यू मेल्टझॉफ व पॅट्रिशिया कूल या दोघां संशोधकांच्या सहकार्यानें तो लिहिलेला आहे. दुसरा 'द फिलॉसॉफिकल बेबी' २००९ सालीं व तिसरा 'द गार्डनर अँड द कार्पेंटर' २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. हे दोन्ही बाईंचे एकटीचे आहेत. बाईंनीं प्रथम तत्त्वज्ञानाचें अध्ययन केलें, १९८० सालीं ऑक्सफर्ड येथें डॉक्टरेट मिळविली, आणि मग त्या मुलांच्या खोलींत येऊन बसल्या. हा प्रवास आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. डोळ्यांवर पडणारा प्रकाश आणि कानांवर आदळणाऱ्या ध्वनिलहरी एवढ्याच तुटपुंज्या भांडवलावर माणसाला वस्तु, माणसें, कारणें व कार्यें यांनीं भरलेल्या जगाचें ज्ञान होतें कसें, हा प्रश्न प्लेटोपासून ह्यूमपर्यंत सर्वांना पडला. पण हें ज्ञान ज्याला आपल्या डोळ्यांदेखत होत असतें, त्या दीड वर्षाच्या प्राण्याची साक्ष काढावी असें त्यांस सुचलें नाहीं. मुलें रांगत होतीं तीं माजघरांत, आणि तत्त्वचर्चा चालत होती ती दिवाणखान्यांत. या दोन खोल्यांमधील दार ज्यांनीं उघडलें, त्यांत गॉपनिकबाई आहेत, हें त्यांचें खरें कार्य होय.

बाईंच्या पूर्वीं कोणी मुलांकडे पाहिलेंच नव्हतें असें मात्र नाहीं. स्विस पंडित झां पियाजे (१८९६–१९८०) यांनीं आपल्याच तीन मुलांचें बारकाईनें निरीक्षण करून या शास्त्राचा पाया घातला, व मूल स्वतःच्या हातांनीं आपलें ज्ञान बांधीत असतें हा मोठा सिद्धांत त्यांनींच मांडला. परंतु शाळेंत जाण्यापूर्वींचें मूल आत्मकेंद्रित असतें, दुसऱ्याच्या दृष्टीनें पाहणें त्याला साधत नाहीं, व कार्यकारणभावाचा त्याला नीट उमज नसतो, असेंहि त्यांचें मत होतें. आणि हें मत बऱ्याच अंशीं मुलांशीं केलेल्या प्रश्नोत्तरांवर विसंबलेलें होतें. लहान मुलाला 'तुला काय वाटतें?' असें विचारलें, तर तें बोट तोंडांत घालून उभें राहतें. यावरून त्याला कांहींच वाटत नाहीं असें ठरविणें, म्हणजे तोंडी परीक्षेंत घाबरलेल्या विद्यार्थ्याला मूर्ख ठरविण्यासारखें आहे. नव्या संशोधकांनीं तोंडी परीक्षाच सोडून दिली. मूल काय बोलतें यापेक्षां तें कोठें पाहतें, किती वेळ पाहतें, काय उचलतें व काय देतें, याची नोंद ठेवण्यास त्यांनीं आरंभ केला.

या पद्धतीचा एक मासला पाहा. बेटी रेपाचोली व गॉपनिकबाई यांनीं चौदा व अठरा महिन्यांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. मुलापुढें दोन वाडगे ठेवले होते: एकांत माशाच्या आकाराचीं खारीं बिस्किटें, दुसऱ्यांत कच्ची ब्रोकोली. फुलकोबीची ही हिरवी चुलतबहीण मुलांना अमेरिकेंतहि प्रिय नाहीं. प्रयोग करणाऱ्या बाईंनीं दोन्ही पदार्थ चाखले. बिस्किट खाऊन त्यांनीं तोंड वाईट केलें, आणि ब्रोकोली खातांना मात्र 'वाहवा' म्हटलें. मग त्यांनीं मुलापुढें हात पसरला. चौदा महिन्यांच्या मुलांनीं बहुधा बिस्किट दिलें. कारण जें आपल्याला गोड, तें सर्वांनाच गोड. अठरा महिन्यांच्या मुलांनीं मात्र, स्वतःला नावडती असतांहि, ब्रोकोली उचलून दिली. दुसऱ्याची आवड आपल्याहून निराळी असूं शकते, हें गहन तत्त्व माणसाला दीड वर्षाच्या वयांत उमगतें. पुढें मुलांचीं लग्नें ठरवितांना व त्यांचे अभ्यासक्रम निवडतांना आपण तें विसरून जातों, हा भाग निराळा.

दुसरा मासला 'ब्लिकेट' या यंत्राचा. ब्लिकेट हा शब्द मुद्दाम बनविलेला निरर्थक शब्द आहे. एका पेटीवर कांहीं ठोकळे ठेवले असतां ती उजळते व तींतून संगीत ऐकूं येतें. अन्य ठोकळे ठेवले तर ती मुकी राहते. ज्यानें पेटी चालते तो ब्लिकेट. कोणता ठोकळा ब्लिकेट व कोणता नव्हे, हें तीन-चार वर्षांचीं मुलें अन्वय-व्यतिरेकानें ओळखतात. हा ठोकळा असतां काय होतें व नसतां काय होतें, हें ताडून पाहून तीं निर्णय करतात. न्यायशास्त्राच्या पोथीशीं त्यांचा परिचय नसतो एवढेंच. पुढें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ही पेटी दोन ठोकळे एकत्र ठेवले तरच चालेल अशी योजना केली होती, आणि तींतील मर्म ओळखण्यांत चार-पांच वर्षांचीं मुलें विद्यापीठांतील विद्यार्थ्यांहून सरस ठरलीं. एका कार्याला बहुधा एक कारण पुरतें, असा प्रौढांचा अनुभव असतो; तो अनुभवच त्यांच्या डोळ्यांवर झांपड म्हणून बसतो. मुलाजवळ ही झांपड नसते. ज्या वयाच्या विद्यार्थ्यांना शिकवून आम्ही आपला चरितार्थ चालवितों, त्यांचा हा पराभव वाचून आम्हांस थोडें वाईट वाटलें, परंतु फारसें नवल वाटलें नाहीं.

यावरून बाईंनीं जी उपपत्ति बसविली, ती दुसऱ्या ग्रंथांत विस्तारानें आली आहे. प्रौढाचें लक्ष विजेरीच्या झोतासारखें असतें. एका जागीं लख्ख उजेड, बाकी सर्व अंधार. मुलाचें लक्ष कंदिलासारखें असतें. प्रकाश मंद, पण चोहोंकडे. मूल 'लक्ष देत नाहीं' असें आपण म्हणतों तेव्हां खरी गोष्ट अशी असते कीं, तें एकाच गोष्टीकडे लक्ष देत नाहीं. मनुष्यप्राण्याचें बालपण इतर प्राण्यांच्या मानानें इतकें लांब कां, या प्रश्नाचेंहि उत्तर त्या येथेंच शोधतात. ज्याला पोटाची चिंता नाहीं, त्यालाच निरुपयोगी गोष्टींचा शोध घेण्याची मुभा असते. आणि आजच्या निरुपयोगी शोधांतूनच उद्यांचा उपयोग निघतो. बालपण म्हणजे निसर्गानें मानवजातीला दिलेली भरपगारी रजा आहे, असें त्यांच्या म्हणण्याचें तात्पर्य आम्ही आमच्या व्यवसायाच्या भाषेंत सांगूं. या रजेचा खर्चहि थोडाथोडका नाहीं. ख्रिस्तोफर कुझावा व त्यांचे सहकारी यांच्या २०१४ सालच्या संशोधनानुसार, पांच वर्षांच्या सुमारास मूल स्वस्थ असतां त्याचें शरीर जी शक्ति खर्च करतें, तिच्यापैकीं जवळजवळ दोन-तृतीयांश एकटा मेंदू खाऊन टाकतो.

पहिल्या ग्रंथाचा विषय जो भाषा, त्यांत मराठी वाचकाला विशेष गोडी वाटेल असें एक संशोधन आहे. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस या कॅनडांतील संशोधकांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हिंदींतील त आणि ट हेच वर्ण घेतले होते. इंग्रजी भाषिक प्रौढाला हा भेद ऐकूं येत नाहीं. 'ताट' हा आपला साधा शब्द त्याच्या कानाला एकाच व्यंजनाची पुनरुक्ति वाटावा. परंतु इंग्रजी भाषिक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकीं बहुतेकांस हा भेद सहज ओळखतां आला, आणि दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकीं फारच थोड्यांस तो ओळखतां आला. हिंदी भाषिक घरांतील मुलांचें हें ज्ञान मात्र कायम राहिलें. कूलबाईंच्या मतें जन्मतः प्रत्येक मूल वर्णमालेपुरतें सर्व जगाचें नागरिक असतें. आम्ही इतकीच पुस्ती जोडतों कीं, पहिला वाढदिवस येतो न येतो तोंच तें आपल्या आळीचें रहिवासी होतें. शिकणें म्हणजे नुसती भर पडणें नव्हे. कांहीं टाकून देणें हेंहि शिकणेंच आहे, हा विचार आमच्या शिक्षणशास्त्रांत फारसा ऐकूं येत नाहीं. मेंदूंतील घडामोडहि याच रीतीची आहे. प्रथम मज्जापेशींमधील सांधे गरजेहून किती तरी अधिक संख्येनें निर्माण होतात, आणि मग जे वापरांत राहतात ते बळकट होऊन बाकीचे गळून पडतात.

याच कूलबाईंनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग तर प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांना चार आठवड्यांत बारा बैठकींमध्यें चिनी भाषा ऐकविण्यांत आली. ज्यांच्यासमोर चिनी बाई प्रत्यक्ष बसून खेळल्या व बोलल्या, त्या मुलांनीं चिनी वर्णांतील भेद आत्मसात केला. ज्यांना तेंच बोलणें पडद्यावर दाखविलें, किंवा नुसतें ध्वनिमुद्रणांतून ऐकविलें, त्यांना कांहींहि आलें नाहीं. आवाज तोच, शब्द तेच. नव्हतें तें माणूस.

येथवर आम्हीं ग्रंथांतील विचार मांडले. आतां आक्षेपांकडे वळूं.

पहिला आक्षेप पुराव्याचा. मेल्टझॉफ व कीथ मूर यांनीं १९७७ सालीं असें दाखविलें होतें कीं, समोरच्या माणसानें जीभ बाहेर काढली तर दोन-तीन आठवड्यांचें अर्भकहि जीभ बाहेर काढतें. पुढें हाच शोध त्यांनीं नुकत्याच जन्मलेल्या अर्भकांपर्यंत नेला. ज्यानें आरशांत स्वतःचें तोंड कधीं पाहिलें नाहीं, त्याला आपली जीभ व दुसऱ्याची जीभ यांचें नातें कळावें, ही गोष्ट अद्भुत आहे. आणि पहिल्या ग्रंथांत तिच्यावर मोठा भर आहे. परंतु २०१६ सालीं जॅनीन ऊस्टेनब्रूक व त्यांचे सहकारी यांनीं १०६ अर्भकांची पहिल्या नऊ आठवड्यांत चार वेळां तपासणी केली, आणि असें अनुकरण त्यांस आढळलें नाहीं. जीभ दाखविली असतां मूल जीभ काढतें हें खरें, पण दुसरें कांहीं दाखविलें तरीहि तें तितकीच जीभ काढतें, असें त्यांचें म्हणणें. मेल्टझॉफ यांनीं त्यांच्या पद्धतींतील दोष दाखवून उत्तर दिलें आहे, व हा वाद मिटलेला नाहीं. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. शास्त्र असेंच चालतें. परंतु १९९९ सालच्या त्या ग्रंथांत जें निश्चयाच्या स्वरांत सांगितलें आहे, तें आजच्या वाचकानें थोड्या सावधपणें वाचावें, हें सांगणें टीकाकाराचें काम आहे.

दुसरा आक्षेप उपमेचा. मूल शास्त्रज्ञ आहे, ही या सर्व लेखनाची आधारशिला. ग्रंथकारांचा रोख असा कीं, हें साम्य उलट दिशेनें वाचावें. मुलाच्या अंगीं शास्त्रज्ञ शिरलेला नाहीं, तर शास्त्रज्ञाच्या अंगीं बालपण शिल्लक राहिलेलें आहे. युक्तिवाद चतुर आहे, पण पुरता नाहीं. शास्त्रज्ञाला आपण चुकत असूं हें ठाऊक असतें. आपलें मत व जगाची स्थिति यांत अंतर असूं शकतें, हें जाणून तो मुद्दाम आपल्याच मताविरुद्ध पुरावा शोधतो. मूल ठोकळे हालवून पाहतें, परंतु आपण अनुमान तपाशीत आहों हें त्याला कळत असतें काय? शिवाय मुलाच्या ज्ञानाचा केवढा तरी भाग प्रयोगानें मिळण्याजोगा नसतोच. पृथ्वी वाटोळी आहे, पोटांत जंतु जातात, पणजोबा गेले ते परत येणार नाहींत, यांपैकीं कोणती गोष्ट पेटीवर ठोकळा ठेवून ठरवितां येईल? पॉल हॅरिस यांनीं २०१२ सालच्या आपल्या ग्रंथांत हाच मुद्दा मांडून, मूल हें प्रथम श्रोता आहे, कोणावर विश्वास ठेवावा हें ठरविणारा श्रोता आहे, असें प्रतिपादिलें आहे. आपल्या जुन्या पंडितांनीं प्रत्यक्ष व अनुमान यांच्या जोडीला शब्दप्रमाण कां मानलें, याचा उलगडा या ठिकाणीं होतो. न्याय्यतेसाठीं सांगितलें पाहिजे कीं, तिसऱ्या ग्रंथांत बाईंनीं ऐकून शिकण्याला स्वतंत्र स्थान दिलें आहे. परंतु ज्या उपमेनें त्यांची कीर्ति झाली, तिच्यांत ऐकणाऱ्या मुलाला जागा नव्हती.

तिसरा आक्षेप बाईंवर नसून त्यांच्या वाचकांवर आहे. पहिल्या ग्रंथाच्या उपशीर्षकांत मेंदूचा उल्लेख आहे, पण मेंदूला प्रत्यक्षांत एकच प्रकरण मिळालें आहे, आणि तेंहि संयमानें लिहिलेलें आहे. हा संयम बाजारांत टिकला नाहीं. पहिल्या तीन वर्षांत मेंदूचें दार उघडें असतें व मग तें कायमचें बंद होतें, अशी हाकाटी करून खेळणीं, चित्रपत्रें व ध्वनिमुद्रणें विकणाऱ्यांचा एक मोठा व्यापार उभा राहिला. जॉन ब्रूअर यांनीं त्याच १९९९ सालीं 'द मिथ ऑफ द फर्स्ट थ्री इयर्स' हा ग्रंथ लिहून या समजुतीचें खंडन केलें. गॉपनिकबाई व त्यांचे सहकारीहि असल्या साधनांची तरफदारी करीत नाहींत. मुलाला विशेष कांहीं लागत नाहीं. घरांतलीं भांडीं, अंगणांतली माती आणि वेळ असलेलें माणूस एवढें पुरतें. यांपैकीं शेवटली वस्तु बाजारांत मिळत नाहीं, हीच अडचण आहे.

आतां तिसऱ्या ग्रंथाकडे येतों. कारण आमच्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आईबाप दोन प्रकारचे असतात, असें बाई म्हणतात. सुताराच्या मनांत खुर्चीचा नमुना आधीं तयार असतो, व लांकूड त्याबरहुकूम घडविणें हें त्याचें काम. माळी जमीन कसतो, पाणी घालतो, कुंपण राखतो; कोणतें फूल केव्हां उमलेल हें त्याच्या हातीं नसतें. आजचा सुशिक्षित बाप सुतार झाला आहे, ही त्यांची तक्रार. इंग्रजींत यासाठीं 'पेरेंटिंग' असें एक क्रियावाचक नामच १९७० नंतर रूढ झालें. नवरा असणें ही कांहीं एक कामगिरी नव्हे, मित्र असणें हा कांहीं एक हुन्नर नव्हे. तें नातें असतें. मग आईबाप असणें तेवढें धंदा कां व्हावें? मराठींत 'मूल वाढतें' असेंच आपण म्हणत आलों. 'आम्ही मूल घडवितों' असें आपण केव्हां म्हणूं लागलों, याचा शोध कोणी भाषाशास्त्रज्ञानें घ्यावा.

येथें आम्हांस एक घरगुती गोष्ट सांगण्याची वाचकांनीं परवानगी द्यावी. आमचा मुलगा चार वर्षांचा असतां आम्ही जुन्या वाड्यांत राहत असूं. त्याला मोरीचें वेड लागलें. तांब्याभर पाण्याबरोबर तो मोरींत कधीं कागदाचा बोळा, कधीं चिंचोका सोडी, आणि परसांत धांवत जाऊन ती वस्तु बाहेर पडते कीं नाहीं हें पाही. एक दिवस आमच्या पेनाचें टोपण गेलें. आम्हीं त्याला रागावून पाटीपुढें बसविलें व मोरीकडे जाण्यास बंदी केली. आमची आई त्या वेळीं सत्तरीची होती. दुसऱ्या दिवशीं आम्ही कॉलेजांतून परत आलों तों ती पदर खोंचून परसांत मोरीच्या तोंडाशीं उभी होती, आणि आंतून प्रश्न येत होता, "आजी, आला का?" आई म्हणत होती, "चिंचोका आला. टोपण नाहीं आलें." आम्हीं तिलाहि चार शब्द सुनावले. पुढें आठ-पंधरा दिवसांत तो खेळ थांबला. तो थांबला ही सुधारणाच झाली, असें आम्हांस त्या वेळीं वाटलें.

हा मुलगा पुढें मोठा स्थापत्यविशारद झाला असें सांगतां आलें असतें, तर गोष्ट गोड झाली असती. तो बँकेंत नोकरी करतो, आणि सुखी आहे. नेमकें हेंच बाईंचें म्हणणें आहे. तो चिंचोका भावी स्थापत्यविशारदाचा नव्हता. तो चार वर्षांच्या मुलाचा होता, आणि तेवढ्यानेंच त्याची किंमत पूर्ण होत होती. आम्ही तो खेळ पुढील आयुष्याच्या खात्यांत मांडून पाहिला, बाकी शून्य आली म्हणून बंद केला. आईनें हिशेबच मांडला नाहीं. आजीच्या या स्थानाला बाईंच्या ग्रंथांत शास्त्रीय आधारहि मिळतो. टांझानियांतील हाड्झा लोकांत नातवंडांच्या पोषणाचा मोठा भार आज्या उचलतात, असें क्रिस्टन हॉक्स या मानवशास्त्रज्ञ विदुषीनें दाखविलें. आणि मूल होण्याचें वय उलटल्यावरहि मानवी स्त्री दीर्घकाळ जगते, त्याचें एक कारण त्यांना यांतच दिसतें. आम्हांस हें वाचतांना परसांतील ती आकृति आठवली. आई आतां नाहीं. तिला सुनावलेले चार शब्द मात्र आहेत.

इतकें कबूल करूनहि, माळी व सुतार या जोडीवर आमचे दोन आक्षेप आहेतच. एक तर ही उपमा सुतारावर अन्याय करते. चांगला सुतार लांकडाची नस पाहिल्यावांचून रंधा लावीत नाहीं. सागाचें काम तो आंब्यावर लादीत नाहीं. जो लांकूड न पाहतां नमुना पाहतो, तो सुतार नव्हे, ठेकेदार. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बागेला कुंपण असतें, आणि कुंपणाबाहेर रस्ता असतो. त्या रस्त्यावर प्रवेशाच्या रांगा, गुणपत्रिका आणि नोकऱ्या उभ्या आहेत. तीन वर्षांच्या मुलाची शाळाप्रवेशासाठीं 'मुलाखत' झालेली आम्हीं पाहिली आहे. बाहेर बसलेल्या आईचे ओठ उत्तरें पुटपुटत होते. ती आई मूर्ख नव्हती. जागा थोड्या व मुलें फार, हें गणित तिला बाईंपेक्षां अधिक पक्कें येत होतें. ज्या समाजांत एक परीक्षा चुकली असतां पुन्हां उभें राहणें कठीण, तेथें बापाला माळी होण्याचा उपदेश करणें सोपें आहे. परंतु त्याच्या हातांतील रंधा भीतीनें धरलेला असतो, हौसेनें नव्हे. मुलांचें संगोपन ही सर्व समाजाची जबाबदारी आहे व गरीब घरांतील मुलांना ही बाग मिळत नाहीं, असें बाईंनीं लिहिलें आहे. पण हा विचार ग्रंथाच्या शेवटीं येतो, व तो आरंभीं यावयास हवा होता.

कारण ही बाग गरिबाच्या दारींहि लावतां येते, याचें उदाहरण आमच्याच प्रांतांत आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, अनुताई वाघ यांनीं त्यांना साथ दिली, आणि पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत गेलें. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळा त्यांच्या अंगणांत नेली. माँटेसरीबाईंचीं महागडीं साधनें परवडत नाहींत, तर खडे, शिंपले, बिया यांचीं साधनें केलीं. ब्लिकेटची पेटी त्यांच्याजवळ नव्हती. मूल आपल्या हातांनीं शिकतें ही श्रद्धा मात्र होती, आणि तिला प्रयोगशाळेचा दाखला पुष्कळ वर्षांनीं मिळाला. गॉपनिकबाईंच्या प्रयोगांतील मुलें बहुधा बर्कली व आसपासच्या बालशाळांतून आलेलीं असतात. कोसबाडच्या अंगणांतील मुलें त्याच पेटीपुढें बसविलीं, तर तीं काय करतील? हा प्रश्न आमच्या तरुण संशोधकांनीं हातीं घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.

आम्हां शिक्षकांसाठीं या लेखनांत एक कानउघाडणीहि आहे. एका प्रयोगांत मुलांना एक खेळणें चालवून दाखविण्यांत आलें. 'हें कसें चालतें तें मी तुला शिकवितें' असें म्हणून दाखविलें, तेव्हां मुलांनीं त्यांतील निरर्थक हालचालींसकट सर्व क्रिया जशाच्या तशा केल्या. 'हें कसें चालतें कोण जाणे, पाहूं या' असें म्हणून दाखविलें, तेव्हां पुष्कळ मुलांनीं अनावश्यक भाग गाळून जवळचा मार्ग शोधून काढला. तीस वर्षें आम्ही वर्गांत 'मी शिकवितों' असें म्हणत आलों. 'पाहूं या' असें किती वेळां म्हटलें, हें मोजावयास दोन्ही हातांचीं बोटें लागणार नाहींत.

एकंदरींत, हे तिन्ही ग्रंथ संग्राह्य आहेत. पहिला माहितीसाठीं, पण कांहीं ठिकाणीं प्रश्नचिन्ह घालून, वाचावा; दुसरा विचारासाठीं वाचावा; आणि तिसरा आईबापांनीं मूल निजल्यावर एकमेकांस वाचून दाखवावा. त्यांतील मुलांचें ज्ञान पटलें नाहीं तरी चालेल. मुलांविषयींचा आदर पटला तर पुरे. मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात हें खरें. पण ते कोठें जाणार हें तेथें दिसत नाहीं. दिसतें तें इतकेंच कीं, ते हालत आहेत, आणि आपण त्यांना पाहतों आहों कीं नाहीं, इकडे वरचे दोन डोळे लक्ष ठेवून आहेत.